लंबूची भिंत

एक भिंत डोळ्यांसमोर आणा बघू. घाई नाही, सावकाश आणा. लाकडाची आहे, तुमच्या वीतभर जाडीची. आता तिला भोकं पाडा. एकदोन नाही, शेकडो. अट एवढीच की कुठलंही भोक दुसऱ्यासारखं नको. एखादं वाटाण्याएवढं, एखादं बशीएवढं, आणि प्रत्येकाचा तिरकेपणा निराळा. दमलात ना? साहजिक आहे. मग सगळी भोकं पुसून टाका आणि दुसऱ्या रीतीनं करा. भोकं काढूच नका, नुसता नियम सांगा. जिथून ऊन डोळ्यांत घुसेल तिथलं भोक बारीक, जिथून नदी दिसेल तिथलं मोठं. बस्स, तुमचं काम संपलं. पुढचं सगळं संगणक करतो. ऊन थोडं इकडे सरकवलं की शेकडो भोकं त्याच्यामागे सरकतात, एकाच वेळी, वाऱ्यात गवत हलावं तशी. याला आर्किटेक्ट लोक पॅरामेट्रिक डिझाइन म्हणतात. आकार काढायचा नाही, आकाराचा नियम लिहायचा.

अशीच एक भिंत आमच्या वाचनालयाला बसणार होती.

आमचं वाचनालय पिट्सबर्गमध्ये, मोनाँगाहेला नदीच्या वरच्या चढावर आहे. मी जन्मभर शाळेत चित्रकला आणि सुतारकाम शिकवलं. आता शनिवारी वाचनालयात मुलांना घेऊन बसतो. कागद, दोरा, काठ्या, गोंद, आणि भरपूर कचरा. मुलं मला ह्रुष्का सर म्हणतात. माझ्यामागे आणखी काय म्हणतात ते मी कधी विचारलेलं नाही.

त्या मुलांत एक होती ओडेट प्रुइट. नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि एखादी गोष्ट पटली नाही की जागची न हलणारी. तिची आई कोळशाच्या बोटीवर काम करते. आठवडाभर बोटीवर, आठवडाभर घरी. आई बोटीवर असली की ओडेट दुपारभर वाचनालयात, पश्चिमेच्या बुटक्या खिडकीपाशी बसायची. चारच्या सुमाराला खालून बोट जायची, पुढे कोळशाने भरलेले तराफे ढकलत. सगळ्यात पुढच्या तराफ्यावर नारिंगी जाकीट घातलेली एक बाई उभी असायची. ती दोन्ही हात वर करायची, ओडेट काचेला दोन्ही तळहात लावायची, आणि बोट वळणाआड जायची. एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी ओडेट थंडीतापातसुद्धा वाचनालय चुकवत नसे.

ओडेटच्या जाकिटाला धरून कायम शेजारचा ऑगी असायचा. चार वर्षांचा, नाक गळणारा, आणि "मला पण" याखेरीज फारसं काही न बोलणारा.

ती बुटकी खिडकी जाऊन तिथे नवी भिंत येणार होती. पश्चिमेचं ऊन पुस्तकांवर येतं, वाचणाऱ्यांचे डोळे दिपतात, म्हणून.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी जेवणानंतर त्या भिंतीचा एक तुकडा अंगणात आणून उभा केला. खऱ्या मापाचा, नदीकडे तोंड करून. सोबत आर्किटेक्ट ग्रेचेन वुकोविच आली होती. मूळची याच शहरातली, उंच, मोकळ्या हसण्याची बाई. आणि तिच्या हाताखालचा तेओ, ज्यानं भिंतीचा नियम लिहिला होता. तेओनं मुलांच्या हातात एक मोठा टॅब्लेट दिला.

"हे बटण सरकवा. सूर्य सरकेल."

ऑगीनं बोट लावलं. पडद्यावरचा सूर्य घसरला आणि भिंतीची सगळी भोकं एकदम बारीक झाली.

"मला पण!" ऑगी ओरडला. त्यानंच केलं होतं, तरी.

"बघितलंत?" ग्रेचेन म्हणाली. "एक आकडा बदलला की सगळी भिंत आपोआप बदलते. कोणाला पुन्हा काही काढावं लागत नाही. ही तुमची भिंत आहे, मुलांनो. तुम्हीच ठरवा."

मुलं टॅब्लेटवर तुटून पडली. ओडेट मात्र अंगणातल्या खऱ्या तुकड्यामागे जाऊन उभी राहिली. मग टाचा उंचावल्या. मग बाजूला सरकली, पुन्हा आली.

"नदी दिसत नाही," ती म्हणाली.

"दिसते की," तेओ तिच्या मागे येऊन उभा राहिला. "ही काय. पूल पण दिसतोय."

"तुला दिसते."

"अगं, नीट बघ."

"नीटच बघतेय. मला लाकूड दिसतं. प्रत्येक भोकात नुसतं लाकूड." तिनं ऑगीला काखेत धरून उचललं. "ऑग्या, नदी दिसते?"

"लाकूड," ऑगी म्हणाला.

ग्रेचेन हसली. "बाळा, तू मोठी होशील ना, तेव्हा दिसेल. आणि तोपर्यंत बाहेर अंगणात येऊन बघायचं."

"जानेवारीच्या बर्फात?"

ओडेट माझ्याकडे वळली. "सर, आपण तो खोका केला होता ना, दोऱ्याचा? डोळा, भोक आणि वस्तू एका रेषेत यायला पाहिजेत, तसं इथे करून बघू या?"

मागच्या महिन्यात आम्ही बुटांच्या खोक्याला भोकं पाडून, त्यांतून दोरे ओवून, कुठल्या भोकातून काय दिसेल ते शोधलं होतं. मी म्हटलं, "दोरा माझ्या खिशात आहे. काठ्यांचं तू बघ."

वाचनालयाच्या बागेत टोमॅटोच्या वेलांना आधार द्यायच्या काठ्या होत्या. टोमॅटो केव्हाच संपले होते. मुलांनी काठ्या उपटून आणल्या आणि ओडेट सांगेल तशी एकेक भोकात खुपसली. भोक ज्या बाजूला तिरकं, काठी त्या बाजूला तिरकी. थोड्या वेळात भिंत साळिंदरासारखी दिसायला लागली. मग ओडेटनं प्रत्येक काठीच्या आतल्या टोकाला दोरा बांधला आणि काठी जिकडे रोखलेली त्याच सरळ रेषेत तो मागे ताणला. एक दोरा एका मुलाच्या हातात, दुसरा दुसऱ्याच्या. सगळे मागे मागे सरकत गेले आणि एकमेकांवर आदळायला लागले, कारण सगळे दोरे एकाच जागी येत होते. आणि ती जागा हवेत होती. मुलांचे हात तिथे पुरेनात. शेवटी सगळी टोकं मी धरली, अगदी माझ्या डोळ्यांसमोर.

"हलू नका सर," ओडेट म्हणाली. ती दोऱ्यांच्या त्या गाठीखालून चालत गेली, तिच्या वेण्यांनाही गाठ लागली नाही. खाली उभं राहून ती वर बघत राहिली.

"इथे कोणीतरी उभं आहे," ती म्हणाली. "एक उंच माणूस. सगळी भोकं त्याच्याकडेच बघतात."

"लंबू!" कोणीतरी ओरडलं.

मग काय, सगळ्यांनाच लंबू दिसायला लागला. एकानं त्याला टोपी घातली, एकीनं मिशा लावल्या. एक मुलगी त्याला विचारायला लागली, "काय हो लंबूकाका, तुमचं वाचनालयाचं कार्ड आहे का?" ऑगीनं हवेतच त्याच्या पोटरीला लाथ घातली.

"तेओ," ओडेट म्हणाली, "हा लंबू कोण? इथे तर असं कोणी उभं राहून वाचत नाही. आम्ही सगळे बसतो."

तेओनं आपला लॅपटॉप उघडला. बराच वेळ खाली वर करत राहिला. मग त्याचे कान लाल झाले.

"ग्रेचेन," तो हळू म्हणाला, "डोळ्याची उंची मी घातलेली नाही."

"मग कोणी घातली?"

"कोणीच नाही. नियमाची ही फाइल आपण विमानतळाच्या कामावरून घेतली होती ना? तिथल्या गच्चीवर माणसं उभी राहून विमानं बघतात. बाकीचं सगळं मी बदललं. ऊन बदललं, लाकूड बदललं, नदी घातली. हा आकडा तसाच राहिला."

ग्रेचेननं कपाळाला हात लावला आणि अगदी मनापासून हसली. "म्हणजे गेले सहा महिने आपण विमानाची वाट बघणाऱ्या माणसासाठी वाचनालय बांधतोय!"

सगळे हसले. ओडेट हसली नाही.

"मग बदला," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, एक आकडा बदलला की सगळी भिंत बदलते."

ग्रेचेनचं हसू थोडं कमी झालं. "तसं सोपं नाही ते. आता भिंत गोठवली आहे."

"गोठवली म्हणजे?"

"म्हणजे ठरली. सगळ्यांनी सह्या केल्या. हा तुकडा आज कारखान्यात परत जाणार आणि सोमवारी यंत्र त्याच्याप्रमाणे कापायला लागणार. आता आकडे हलवायचे नसतात."

ओडेटनं टॅब्लेटकडे बोट केलं. ऑगी अजून त्यावर सूर्य घसरवत होता. "मग तो कशासाठी?"

तेओ म्हणाला, "ती मुलांसाठीची प्रत आहे. ती... कशाला जोडलेली नाही."

"म्हणजे खोटी."

"खोटी नाही गं, म्हणजे..."

"आम्हाला ठरवा म्हणालात, आणि ठरवायला खोटी भिंत दिलीत. ऑग्या, ठेव ते खाली."

ऑगीनं टॅब्लेट गवतावर ठेवला, आणि वर पालथा घातला.

मी शिक्षक माणूस. अशा वेळी मोठ्यांची बाजू सावरायला जीभ आपोआप वळवळते. मी ती गप्प ठेवली. पण ग्रेचेनवर अन्याय करायचा नाही मला. तिनं तेओला आकडा बदलून दाखवायला सांगितलं, खऱ्या लॅपटॉपवर. लंबूचा डोळा खाली आला तशी भोकं आडवी होत गेली, आणि पडद्यावरच्या वाचायच्या टेबलांवर लाल डाग पसरले.

"हे लाल म्हणजे ऊन," ग्रेचेन ओडेटच्या बाजूला गुडघ्यांवर बसून म्हणाली. "नदी खाली आहे. उंचावरून बघितलं की भोकं खाली उतरती होतात आणि ऊन अडतं. तुझ्या डोळ्यांतून बघितलं की ती आडवी होतात आणि ऊन सरळ आत येतं. चार वाजता इथे कोणाला वाचता येणार नाही. मग कोणाचं ऐकू मी, सांग."

ओडेटनं खरंच विचार केला. तिचा विचार चालू असला की ती वेणीचं टोक चावते.

"लंबूला काढू नका," ती म्हणाली. "राहू दे त्याला. पण एकच डोळा असला पाहिजे असं कोण म्हणालं? कोपऱ्यातली भोकं मला द्या. तिथे टेबल नकोच. तिथे मी बसते."

तेओनं मान वर केली. "दोन डोळे," तो पुटपुटला. "होईल. म्हणजे, होऊ शकेल."

"सोमवारच्या आत?" ग्रेचेननं विचारलं.

तेओनं नकारार्थी मान हलवली.

ग्रेचेन उठली, गुडघे झाडले. "ओडेट, मी खोटं वचन देत नाही. मी बोलून बघेन. पण तुकडा आज जाणार."

"बोलून बघेन म्हणजे नाही," ओडेट म्हणाली. "माझी मावशीआजी पण असंच म्हणते."

तेवढ्यात ट्रक आला. तुकडा न्यायला. रुडी नावाचा जाडजूड ड्रायव्हर मागे बघत बघत अंगणात ट्रक घ्यायला लागला, आणि करकचून थांबला.

ट्रकच्या वाटेत, बरोबर मधोमध, एक खुर्ची होती. वाचनालयाच्या बालविभागातली, लाल, गुडघ्याएवढी. ओडेटनं ती केव्हा आणून ठेवली ते मीही बघितलं नव्हतं.

तेओ खुर्ची उचलायला पुढे झाला.

"ए, ए, हात लावू नकोस!" रुडी खिडकीतून ओरडला. "कुठला रे तू?"

"सॅन डिएगोचा."

"वाटलंच." रुडी खाली उतरला. आमच्या शहरात रस्त्यावर खुर्ची ठेवली की ती जागा ठेवणाऱ्याची. बर्फ उपसून गाडीची जागा केली, खुर्ची ठेवली, आणि माणूस कामाला गेला, तर ती खुर्ची संध्याकाळी तिथेच सापडते. मोडकी असली तरी. पोलिसाच्या गाडीलासुद्धा मी तिच्याभोवती वळसा घालताना बघितलंय. रुडीनं टोपी मागे सारली. "खुर्ची कोणाची?"

"माझी," ओडेट म्हणाली.

"किती वेळ?"

"बोट येईपर्यंत."

रुडीनं ग्रेचेनकडे बघितलं. "मी नाही हलवणार, बाई. माझी आई थडग्यातून उठून येईल. तुम्ही हलवा."

ग्रेचेन खुर्चीपर्यंत गेली. ती याच शहरात वाढलेली. तिचे हात कोटाच्या खिशातच राहिले.

"तुला काय हवंय, ओडेट?"

"तुम्ही हिच्यावर बसा. भिंतीमागे. बोट येईपर्यंत. तुम्ही बसणार असाल तर खुर्ची मी स्वतः उचलते."

"आणि मग ट्रक जाईल?"

"तुम्ही मग म्हणालात तर जाईल."

ग्रेचेननं घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं, रुडीकडे बघितलं. तो सफरचंदाचा रस पीत पायऱ्यांवर बसला होता आणि त्याला कसलीच घाई दिसत नव्हती. "आण," ती म्हणाली.

मुलांनी भोकांतल्या काठ्या काढल्या, मी दोरा गुंडाळून घेतला, आणि लाल खुर्ची भिंतीमागे गेली. ग्रेचेन तिच्यावर बसली, तिचे गुडघे जवळजवळ हनुवटीला लागले. मुलं आजूबाजूला गवतावर. ओडेट खुर्चीच्या शेजारी ताठ उभी. मी कुंपणाशी गेलो, जिथून नदी उघडी दिसते.

वळणावर भोंगा वाजला.

"आली," ऑगी म्हणाला.

ग्रेचेननं डोकं खाली घातलं, मग वर केलं, मग मान वाकडी करून बाजूच्या भोकात बघितलं. नंतर उजवीकडच्या. इंजिनाची धडधड जवळ आली. "थांब, दिसेल, कुठेतरी दिसेलच," ती म्हणत होती आणि खुर्चीवर इकडून तिकडे सरकत होती. तिच्या तोंडावर उन्हाचे ठिपके पडले होते, भोकांच्या कडांवरून निसटून आलेले. बोट त्यांत नव्हती.

मला दिसली. कोळशाचे तराफे, पुढे नारिंगी जाकीट. बाईनं दोन्ही हात वर केले. तशीच थांबली. आमच्या इमारतीकडे बघत राहिली, हात वर करून, जरा जास्तच वेळ. मी हात हलवला, पण ती मला शोधत नव्हती. तिचे हात हळूहळू खाली आले. बोट वळणाआड गेली.

ओडेट भिंतीमागेच होती. मुठी आवळलेल्या.

धडधड विरल्यावर ग्रेचेननं वर बघितलं. "गेली?"

"गेली."

"तुझी आई होती तिच्यावर?"

ओडेटनं मान डोलावली.

"अगं मग तू का नाही गेलीस बाहेर? कुंपणाशी जाऊन हात केला असतास."

"मी बाहेर गेले असते तर तुम्ही म्हणाला असतात, बघ, बाहेर जाऊन दिसतंय की." ओडेटनं मान खाली घातली नाही. "एक दिवस नाही दिसली तर चालेल मला. रोज नाही चालणार."

ग्रेचेन त्या खुर्चीवरून उठली नाही. तिथूनच ओरडली, "रुडी! ट्रक रिकामा ने. सोमवारचं कापणं थांबलं म्हणून सांग, माझं नाव सांग. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरडा म्हणावं."

"सांगतो," रुडी म्हणाला. "आनंदानं सांगतो."

"तेओ, लॅपटॉप. दोन डोळे. लंबू आहे तिथे राहू दे, आणि कोपऱ्यात दुसरा." ती उठली आणि खुर्ची तिनं स्वतःच्या हातानं ओडेटपुढे सरकवली. "ये. ताठ बस. तुझ्या डोळ्याची उंची मोजते."

ओडेट बसली. पाठ सरळ, हात मांडीवर. तेओनं टेप काढली. टेप तिच्या गालापर्यंत आली आणि ओडेट एकदम उठून उभी राहिली.

"काय झालं?"

तिनं ऑगीला हाताला धरून ओढत आणलं, त्याचं नाक आपल्या बाहीनं पुसलं आणि त्याला खुर्चीवर बसवलं. त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"अगं, हा तर केवढासा आहे," ग्रेचेन म्हणाली. "हा वाढेल ना."

"वाढू दे. मग दुसरं कोणीतरी लहान येईल. मला वाकता येतं."

तिनं माझ्या हातातून दोरा घेतला, एक टोक ऑगीच्या डोळ्याशी धरलं, दोरा कोपऱ्यातल्या भोकातून नदीकडे ताणला आणि दुसरं टोक ग्रेचेनच्या हातात दिलं.

"हा आकडा," ओडेट म्हणाली, "आता गोठवा."